पोरीचा कोपरा

मिस्त्री हत्यारांची पिशवी खांद्याला लावून टेकाडावर पोचला, तेव्हा बायकांनी पाया भरून विटांचा पहिला थर मांडूनही टाकला होता. त्याने पिशवी सोडली, थापी काढली आणि थराच्या एका टोकाला जाऊन उकिडवा बसला.

"दाजी, ती थापी ठेवा," धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे त्याच्या बायकोची पाठची बहीण. दोघी बहिणी एकाच वस्तीत दिलेल्या, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. थोरली थंडीत गेली. तरी लोक धाकटीला अजून धाकटीच म्हणत होते.

"ठेवू?"

"ठेवा. माल कालवायला माणूस नाही. फावडं त्या झाडाला टेकवलंय."

"अगं, मी मिस्त्री आहे."

"ते ठाऊक आहे. गेल्या वर्षीही ठाऊक होतं."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मिस्त्रीने थापी पिशवीत टाकली आणि फावडं घेतलं. त्याची पोरगी पलीकडच्या कोपऱ्यात दोरी ताणत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झालेले त्याला दिसले.

शहरात त्याच्या हाताखाली चार माणसं असायची. "माल आण" म्हटलं की माल यायचा. फावड्याला हात लावून त्याला कैक वर्षं झाली होती. वाळू वर-खाली करता करता तासाभरात त्याचे तळहात सोलले आणि कंबर धरली. बायका त्याच्याकडून घमेली भरून नेत होत्या आणि नेता नेता बोलत होत्या.

"माल पातळ झाला हो मिस्त्री."

"मिस्त्री, मुकादमीण लई कडक आहे, जपून."

तोही हसला. हसण्यासारखं काही नव्हतं.

टेकाडाच्या कडेला झाडाखाली गेल्या वर्षीच्या सिमेंटच्या गोण्या पडल्या होत्या. गोण्या कसल्या, दगड झाले होते ते. कागद कधीच गळून गेला होता, पण गोणीचा आकार तसाच होता, पोटाला फुगीर आणि कडेला चुण्या. दमलेल्या बायका त्यांच्यावर बसून घाम पुसायच्या. मिस्त्री उन्हात उभा राहून पाणी प्यायचा, पण त्यांच्यावर कधी बसला नाही.

ती हकिकत वस्तीतल्या पोराटोरांनाही पाठ होती. फक्त ती वेगळी पाठ होती.

वस्ती डोंगरात, जंगलाच्या पोटात. पाणी खाली दरीत, झऱ्याला. झरा कधी आटला नाही, पण चढण अशी की मोकळ्या हातानेही माणूस दोनदा थांबेल. पलीकडच्या कड्यावर दुसरा एक झरा होता, वस्तीहून उंच. तिथून पाइप टाकला तर पाणी आपल्या पायांनी टेकाडावर येईल, टेकाडावर टाकी बांधली तर दारात नळ येईल, हे पहिल्यांदा थोरलीच्या डोक्यात आलं. बायकांचा गट तिनेच जमवला. जंगलातला डिंक व्यापाऱ्याला कवडीमोलाने न देता गटाने एकत्र विकला आणि विटा घेतल्या. मग तालुक्याला संस्थेच्या ताई होत्या, त्यांच्याकडे थोरली चालत गेली. ताई वस्तीवर आल्या, गोलात बसल्या. त्यांनी विचारलं, "सिमेंट, पाइप आमचे. मेहनत तुमची. पण गवंडी?"

सगळ्यांनी मिस्त्रीकडे बघितलं. वस्तीत गवंडी तेवढा एकच होता.

"बघू," मिस्त्री म्हणाला.

आता या वस्तीत तोंडावर नाही म्हणायची कुणाला सवय नाही. नाही म्हणणं म्हणजे समोरच्याला दारातून हाकलणं. म्हणून इथे बघू म्हणतात, आणि बघू म्हटलं की विषय संपला हे लहान पोरालाही कळतं. पण ताई बाहेरच्या. त्यांना वाटलं, गडी कामाला लागला. आठवड्याभरात सिमेंट येऊन पडलं.

थोरली रोज रात्री जेवण वाढताना विचारायची, "उद्या येता ना?"

"बघू."

बायकांच्या हाताखाली फुकट काम करायचं, आणि गटाची मुखत्यार आपलीच बायको. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. शहरात एका बंगल्याच्या गच्चीवर टाकी बांधायचं काम आलं, तो तिकडे गेला. सिमेंट शाळेच्या पडवीत राहिलं. पाऊस लागला, पडवी गळली, गोण्या दगड झाल्या आणि शेवटी टेकाडावर झाडाखाली नेऊन टाकल्या. ताई आल्या, गोण्यांवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "असं कसं केलंत? मिस्त्री तर हो म्हणाले होते."

तेव्हा मिस्त्री तिथेच उभा होता. थोरली म्हणाली, "चूक माझी. त्यांना निरोप द्यायचा राहिला माझ्याकडून."

एवढंच. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने तोंड उघडायचं ठरवलं आणि उघडलं नाही. थोरलीने गटाची मुखत्यारी सोडली. लोक म्हणायला लागले, थोरलीने सिमेंटचा दगड केला. ती मरून गेली तरी म्हणत होते.

आणि मेली ती कशाने, तेही त्याला मागाहून धाकटीने सांगितलं. हंडे वाहून वाहून तिचं अंग बाहेर येत होतं. फडकं घट्ट बांधून ती दरी चढायची. त्याला ती फक्त एवढंच म्हणाली होती, "ओटीपोटात ओढतंय हो, दवाखान्यात जाऊ या का?" त्यालाही तो बघूच म्हणाला होता. बाहेर आलेलं घासून जखम झाली, ती चिघळली, ताप डोक्यात गेला, आणि मग दवाखान्यात नेऊनही उपयोग झाला नाही.

त्यामुळे धाकटीने थापी ठेवा म्हटलं, तेव्हा त्याने ठेवली.

भिंत थराथराने वर आली. बायकांना काम जमत होतं. ताईंनी धाकटीला आणि पोरगीला दुसऱ्या एका वस्तीवर नेऊन टाकी बांधायला शिकवलं होतं. पण शिकणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. पोरगीचा हात मात्र बसत चालला होता. तिच्यात एक गंमत होती. ती वीट ठेवायच्या आधी तिला उलटसुलट करून बघायची, जशी थोरली बाजारात भांडं बघायची. ताई एकदा येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "ही टाकी उभी राहू दे, मग हिला मी बाकीच्या वस्त्यांवर शिकवायला नेते. येशील ना गं?"

"येईन," पोरगी म्हणाली. बापासारखं बघू म्हणाली नाही. ते ऐकून मिस्त्रीने उगाचच मालात फावडं मारलं.

भिंत कमरेच्या वर गेली आणि पोरगीच्या बाजूचा कोपरा बाहेर झुकला. मिस्त्रीला ओळंबा लावावा लागला नाही, ते लांबूनच त्याच्या डोळ्यात खुपलं.

"कोपरा बाहेर चाललाय," घमेलं ठेवता ठेवता तो पुटपुटला.

धाकटीने ओळंबा धरला. "अंगठाभर."

"माझा कोपरा सरळ आहे," पोरगी म्हणाली.

"नाही बाई, वाकडा आहे."

"मावशी, तुझा ओळंबा वाऱ्याने हलतोय."

"वारा कुठाय? पान हलत नाही!"

बायका हसल्या. पोरगीचा चेहरा पडला. दिवस कलला होता, ड्रममधलं पाणी संपत आलं होतं.

"मी करू का सरळ?" मिस्त्रीने विचारलं. "चार थरांचंच काम आहे."

"नको," धाकटी म्हणाली. "तिचा कोपरा तीच बघेल. उद्या ठरवू, ठेवायचा की पाडायचा. आणि दाजी, तुम्ही सरळ केला तर उद्या भेग पडल्यावर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तुमच्या? तुम्ही असाल का?"

मिस्त्रीने फावडं नेऊन झाडाला टेकवलं.

घरी पोरगी जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून निजली. मिस्त्रीला तिची पाठ दिसत होती, चोळी ढगळ पडलेली. थोरलीची होती ती. त्याला वाटलं, आयुष्यात एक काम तरी आपण न सांगता करावं.

उजाडायच्या आत तो टेकाडावर गेला. कोपऱ्याचे वरचे थर अलगद काढले, जुना माल खरवडला, नवा कालवायला घेतला. ड्रम तिरपा केला तर तळाशी माल ओला करण्यापुरतं पाणी होतं. विटा भिजवायला नव्हतं.

विटा कोरड्या ठणठणीत. कोरडी वीट मालातलं पाणी पिते, मग सांध्यात नुसती भुकटी उरते. हे त्याने पन्नास पोरांना शिकवलं असेल, शिव्या देऊन शिकवलं असेल. शहरात तो विटेवर हात ठेवून नुसता ओरडायचा, "पाणी मार!" आणि पाणी यायचं. कुठून यायचं, कोण आणायचं, हे बघायला त्याने कधी मान वळवली नव्हती. इथे ओरडायला कुणी नव्हतं. हंडा तिथे पालथा पडला होता आणि दरी खाली होती. हंडा बघून एकदा त्याच्या मनात आलं. पण वस्तीत गडी माणसाने हंडा डोक्यावर घेतलेला कुणी बघितला नव्हता, आणि कुणी बघितलं असतं तर ते हसण्यावारी गेलं नसतं. बायका येतील, वरून पाणी मारतील, चालून जाईल, असं तो स्वतःला म्हणाला आणि पहिली वीट ठेवली.

कोपरा त्याने असा उभा केला की दोरीलाही लाज वाटावी. फक्त सांधे त्याने मुद्दाम पोरगीसारखे जाड भरले, थोडे खालीवर. जन्मात पहिल्यांदा त्याने जाणूनबुजून ओबडधोबड काम केलं, आणि ते करताना त्याला गंमत वाटली.

सकाळी पोरगीने ओळंबा लावला आणि ओरडलीच.

"मावशी! ये, बघ! सरळ आहे! मी म्हटलं होतं ना!"

धाकटी आली. ओळंबा धरला, सोडला, पुन्हा धरला. बोटाने सांधा दाबला. मग मिस्त्रीकडे बघितलं.

"दाजी, तुम्ही काही केलंत?"

"मी कशाला करू? काल तूच म्हणालीस, वारा नव्हता. असेल वारा."

"असेल," धाकटी म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. पण पोरगी कोपऱ्यापुढे अशी उभी होती, कमरेवर हात ठेवून, की धाकटीलाही ते मोडवेना. बायकांनी तिला चिडवलं, "आता हिला मिस्त्रीणबाई म्हणा गं!" पोरगी दिवसभर हसत होती. घरी आल्यावर बापाच्या ताटात तिने आपणहून जास्तीचं वाढलं. थोरली गेल्यापासून पहिल्यांदाच. मिस्त्रीने सगळं खाल्लं.

आतून गिलावा झाला. ताई आल्या, टाकीभोवती फिरल्या, थापटून बघितली.

"छान झालीये. पण एक सांगू का, राग नका मानू. पाइप मी लगेच देऊ शकत नाही. गेल्या वर्षीच्या सिमेंटचं वर मला विचारतात. टाकी एकदा भरून दाखवा. दोन दिवस पाणी टिकलं की पाइप तुमच्या दारात."

"भरून? कशाने?" एकीने विचारलं.

ताईंनी दरीकडे बघितलं आणि मान खाली घातली. "मला कळतंय. निदान अर्धी तरी."

आणि बायकांनी टाकी भरली. वस्तीतली प्रत्येक बाई, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, एक तर दिवस भरत आलेली पोटुशी. दरीच्या वाटेवर दिवसभर माळ लागली होती, खाली जाणाऱ्या रिकाम्या आणि वर येणाऱ्या भरल्या. वाट ओली होऊन घसरडी झाली. मानेच्या शिरा ताठ, ओठ आत ओढलेले, कुणी बोलत नव्हतं. टाकीपाशी पोचलं की हंडा उतरवायला एक बाई उभी, तिच्या हातात हंडा दिला की पहिल्यांदा श्वास बाहेर. गडी माणसं झाडाखाली बसून बघत होती. मिस्त्री शिडी धरून उभा होता. शिडीला धरायची गरज नव्हती, ती पक्की होती.

"घरची कामं कधी करणार या?" एक म्हातारा म्हणाला. त्याला सगळे कोंबडा म्हणत, कारण तो सगळ्यांच्या आधी उठायचा आणि सगळ्यांना ऐकवायचा. "आज माझ्या घरी मलाच चूल पेटवावी लागली."

"मग जळली का नाही चूल?" धाकटीने वाटेवरूनच विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी अर्ध्याच्या वर भरली. पोरगी वाकून पाण्यात तोंड बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या तेव्हा सगळी वस्ती टेकाडावर होती. आणि कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला ओल आली होती. आधी हाताएवढी. बघता बघता ती खाली उतरली, सांध्यातून थेंब सुटला, मग दुसरा, मग त्याची धार झाली. बारीकच, पण थांबेना. पायाशी माती काळी झाली.

मग कोंबडा म्हातारा म्हणाला, "कोपरा कुणाचा?"

"पोरीचा," कुणीतरी म्हणालं.

"आईने सिमेंटचा दगड केला, लेकीने टाकीची चाळणी केली. रक्तातच आहे."

गडी हसले. मोठ्याने नाही, नाकातून. बायका हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. त्यांचे खांदे अजून सुजलेले होते. पोटुशी बाई दगडावर टेकून बसली होती, ती उठून उभी राहिली आणि पाण्याकडे बघत राहिली.

पोरगी पुढे झाली. कोपऱ्यावर तळहात दाबून धरला, जणू हाताने पाणी थांबेल. बोटांमधून पाणी येत राहिलं. मग तिने हात काढला, कमरेची थापी उपसून मातीत ठेवली आणि ताईंना म्हणाली, "चूक माझी आहे. मला नीट शिकता आलं नाही."

थोरलीचाच आवाज. तेवढ्याच शब्दांत.

"तिची नाही," मिस्त्री म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "कोपरा तिचा नाही. माझा आहे."

"दाजी?"

"मी रचला. त्या दिवशी पहाटे. तिचे थर काढले आणि मी भरले. ड्रममध्ये पाणी नव्हतं, विटा कोरड्याच लावल्या. मला माहीत होतं गळेल म्हणून. नाही, माहीत नव्हतं. माहीत होतं, पण वाटलं चालून जाईल." तो थांबला. सगळे बघत होते. "आणि सिमेंटपण. ते थोरलीने नाही केलं. ती रोज विचारायची. रोज. मीच गेलो नाही."

कोंबड्या म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्याच्या बाबतीत क्वचित घडायचं.

ताईंनी कोपऱ्याकडे बघितलं. "मिस्त्री, आधीचा किती बाहेर होता?"

"अंगठाभर."

"एवढ्याशा टाकीला अंगठाभराने काय होतं?" ताई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना टोचायचं नव्हतं. "वाकडा राहिला असता तर गळला नसता."

धाकटी मिस्त्रीच्या अगदी जवळ आली. त्याला वाटलं, आता ती मारणार, आणि तिने मारावं असंही त्याला वाटलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. सांध्याला बोट लावलं तेव्हाच. मीही गप्प बसले, पोर हसत होती म्हणून." तिचा आवाज फाटला. "आणि आम्ही सगळ्यांनी हंडे वाहिले. ती बघा, पोटुशी बाई, तिनेही वाहिले. तुम्ही शिडी धरून बघत होतात."

"हो," मिस्त्री म्हणाला.

त्याला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त आता ते सगळ्यांना दिसत होतं.

पोरगी त्याच्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती. "म्हणजे माझा वाकडाच होता?"

"होता."

"आणि तुम्ही मला दिवसभर नाचू दिलंत."

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून..."

"माझ्यासारखे जाड सांधे भरलेत तुम्ही," ती म्हणाली. सांध्यांकडे बघताना तिला ते आत्ता कळलं होतं. "मुद्दाम." तिने मातीतली थापी उचलली. तिचं टोक तिने कोपऱ्याच्या पहिल्या सांध्यात घातलं आणि दाबलं. माल भुकटीसारखा गळला. "मावशी, पाणी सोड. पाडते मी हा."

ताई म्हणाल्या, "पोरी, तू म्हणशील तेव्हा मी पुन्हा येते बघायला."

"चार दिवसांनी या," पोरगी म्हणाली. "आणि मग दुसऱ्या वस्तीवर कधी जायचं ते सांगा."

टाकीच्या तळाचं तोंड उघडलं तसं बायकांनी आणलेलं सगळं पाणी टेकाडावरून खाली धावलं आणि दगडांत गडप झालं. ज्यांनी ते वाहिलं होतं त्यांनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग एकीने झाडू घेतला, दुसरीने घण. विटा सुट्या झाल्या. पोरगीने एकेक वीट घासली आणि ड्रमपाशी रचली. ड्रम रिकामा होता.

"विटा भिजायला पाणी लागेल," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. बायका जमिनीवर बसल्या होत्या. कुणाचाही पाय उठत नव्हता.

मिस्त्रीने हंडा उचलला.

"अरे अरे," झाडाखालून कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, चुंबळ तरी घ्या, टक्कल पडेल!"

गडी हसले. या वेळी मोठ्याने. पोटुशी बाईने बसल्या जागेवरून आपली चुंबळ त्याच्याकडे फेकली. ती घामाने ओली होती. त्याने ती डोक्यावर ठेवली आणि दरीकडे निघाला.

उतरणं सोपं होतं. झऱ्यात हंडा बुडवला, भरला, आणि तो डोक्यावर कसा चढवायचा हेच त्याला कळेना. दोनदा पाणी अंगावर सांडलं. तिसऱ्यांदा गुडघा टेकून, दगडावर ठेवून, मान घालून तो उठला. पहिल्याच वळणाला मान थरथरायला लागली. दुसऱ्या वळणाला पायाखालचा दगड निसटला आणि तोल सावरायला त्याने सगळं अंग आवळलं. तेव्हा ओटीपोटात, अगदी खाली, काहीतरी ओढलं गेलं. जोरात नाही. कुणी आतून धरून हळूच खाली खेचावं तसं. तो जागीच थांबला. डोक्यावर हंडा, मान वळवता येत नव्हती, डोळ्यांतलं पुसायला हात मोकळा नव्हता.

मागून पावलं वाजली आणि थांबली. त्याच्या मागे भरला हंडा घेऊन कुणीतरी उभं होतं. श्वासावरून त्याने धाकटीला ओळखलं.

"दाजी, वाट अडते," ती म्हणाली. "इथे थांबायला जागा नाही. चला."